धुक्यातल्या शब्दाला उत्तर

या घरातला फोन स्वयंपाकघरात कोठीच्या दाराशी भिंतीवर टांगलेला आहे. मी खुर्चीतून उठून, हा मेला पाय ओढत तिथे पोचेपर्यंत वाजून वाजून त्याचा जीव जातो. माझी मुलगी लेव्हिना हिला तो खिडकीशी आण म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. ती म्हणते, तुला कोण करणार आहे फोन, आई. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मागून.

मी, टॅमसिन हिस्कॉक, इसॉ हिस्कॉक याची विधवा, वय चौऱ्याऐंशी, राहणार गन्नर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड, शिक्षण वाचनाच्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पाय नाही, पण कायदा पायाचं विचारत नाही.

घर लेव्हिनाला. सरकारने बेट रिकामं करायला लावलं तेव्हा इसॉने आणि त्याच्या भावांनी हे घर पिंपांवर तरंगवत खाडीपलीकडून ओढून आणलं. तेव्हापासून मागचं दार लागत नाही. ते दुरुस्त करायचं तर मी गेल्यावर करावं, मला जिवंतपणी ठोकाठोक नको.

कॉड मासा चिरायची सुरी आणि जाळी विणायच्या सुया चर्चच्या तळघरात द्याव्यात, तिथे शाळेची मुलं जुन्या वस्तू बघायला येतात. आता त्या बघण्यापुरत्याच उरल्या आहेत. इसॉच्या होडीचा नांगर चुलतदीर ह्यूबर्टकडे आहे. परत केला म्हणतो. त्याच्याकडेच राहू द्या, पण माझ्या अंत्यविधीला त्याने पहिल्या बाकावर बसायचं नाही. शेजारी ॲम्ब्रोसला काही देत नाही, कारण साक्षीदाराला देता येत नाही हे त्यानेच मला सांगितलं, तोंड पाडून.

बिडाचा तवा माझ्या नातीला, व्हर्नाला, म्हणजे लेव्हिनाच्या मुलीला. वकील परगावचा आहे, त्याला वाटेल म्हातारीने तव्यासाठी एवढा कागद का घालवला, म्हणून लिहिते.

धुकं बसलं की आम्ही बायका धक्क्यावर तवे बडवायचो, म्हणजे होड्यांना किनारा कळायचा. होडीतला माणूस नाव ओरडून उत्तर द्यायचा. इसॉ नाव ओरडत नसे, शब्द ओरडायचा. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या लोकांकडून उचललेला, मी न ऐकलेला. मला माहीत असला तर त्याला शिळा पाव. नवा निघाला तर ताज्या पावाची कड, वर काकवी. मग मी धक्क्यावरून माझ्या आईकडचा एखादा शब्द परत द्यायचा. शब्दाला शब्द मिळाल्याशिवाय दोर फेकायचा नाही, हा नियम. एकदा त्याने ‘सिश’ आणला. पाण्यावर तरंगतो तो बर्फाचा बारीक चुरा. होडी त्यातून जाताना तस्साच आवाज करते. दिवसभर मी तो लिंबाच्या गोळीसारखा तोंडात घोळवला, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून घरात भरपूर असूनही शेजारी मीठ मागायला गेले.

लेव्हिनाला आम्ही शहरातल्या शाळेत घातलं. किनाऱ्याच्या खडकांवर लाटांचं पाणी गोठतं त्याला ती वर्गात ‘बॅलिकॅटर’ म्हणाली, तर मास्तरणीने तिला बाकावर उभं करून सगळ्यांना हसायला लावलं. घरी आली ती शहराचं बोलतच आली. आमचा एक शब्द पुन्हा तिने ओठाबाहेर येऊ दिला नाही.

व्हर्ना आजोबावर गेली. मासेमारी बंद झाली, ती आल्बर्टात तेलाच्या कामावर गेली. तिथे आमच्या सगळ्या किनाऱ्यांची माणसं भेटतात, त्यांच्याकडून वेचून दर रविवारी फोनवर शब्द घेऊन यायची. तेव्हा फोन खिडकीशीच होता.

मग इसॉला झटका आला. त्याची खाट खिडकीशी घेतली, फोन भिंतीवर गेला, आणि लेव्हिना आमच्याकडे राहायला आली. सेवा तिने केली, ते नाकारत नाही. इसॉला एकच शब्द उरला, ‘डकिश’. सूर्य गेलेला असतो आणि दिवा लावावासा वाटत नाही, ती वेळ. चहाला डकिश, औषधाला डकिश, मला डकिश. लेव्हिना चमचा धरून सांगायची, “चहा म्हणा ना, बाबा.” तो म्हणायचा डकिश. मग ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेल्या बशा पुन्हा धुवायची. मी दर वेळी त्याला उलट एक शब्द द्यायचे. दोर फेकायचा तर नियम पाळायला हवा.

त्याला पुरलं त्या दिवशी व्हर्ना खड्ड्याशी उभी राहिली आणि होडीतून ओरडावं तशी ओरडली, “लन.” उत्तराचा शब्द द्यायला माझं तोंड उघडलं होतं. लेव्हिना मध्ये पडली.

“पुरे गं. लोक बघताहेत. बाप गेलाय माझा.”

“आणि माझा कोण गेलाय?” व्हर्ना म्हणाली.

दुपारच्या बोटीने ती गेली. जाताना दारात माझ्या कानात सांगून गेली, लन म्हणजे वारा लागत नाही अशी आडोशाची जागा. सगळा जन्म वाऱ्यात गेला आणि हा शब्द मला माहीत नव्हता. ताज्या पावाची कड तिला द्यायची राहिली.

त्यानंतर मायलेकी बोलल्या नाहीत. व्हर्नाने जागा बदलली, नंबर कुणाकडे नाही. पण रविवारी फोन वाजतो. लेव्हिना उचलते, हॅलो म्हणते, पलीकडून कुणी बोलत नाही. मला सांगते, राँग नंबर. राँग नंबरला माणूस फोन लगेच ठेवतो. ही कानाला लावून उभी राहते, माझ्याकडे पाठ करून. ती पाठ माझ्या पोटची आहे, मला वाचता येते.

बँकेत असेल त्यातून व्हर्नाचं येण्याचं तिकीट काढावं. उरेल त्यात आलेल्यांना चहा आणि ताजा पाव. कड कुणी उचलायची नाही.

हे सगळं मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

टॅमसिन हिस्कॉक
साक्षीदार: ॲम्ब्रोस व्होकी, मिल्ड्रेड पॉन्ड. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. मिल्ड्रेड रडत होती, तिला काही विचारू नये.
गन्नर्स कोव्ह, १४ ऑक्टोबर २००७

ॲम्ब्रोस म्हणतो, सहीखाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत. नको धरू दे. मी गेल्यावर रविवारी फोन वाजेल. लेव्हिनाने उचलायचा. हॅलो म्हणायचं नाही. व्हर्नाचा शब्द खड्ड्याशी उत्तरावाचून तसाच पडून आहे. बाकावर उभं राहून ज्यासाठी हसं झालं, तोच शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. उत्तर लेव्हिनानेच द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही.