बुद्धपौर्णिमेच्या पन्नास मेणबत्त्या

बोरीवली (पूर्व)

आदरणीय राजारामदादा,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे आणि वहिनीचं बीपी, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. (फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस, म्हणून हा कागद.)

तर हकीकत अशी. विहारात वंदनेला बसलं की आमच्या सासूबाईंना खोकल्याची उबळ यायची. मेणबत्त्यांची काजळी भिंतीवरसुद्धा धरलेली. बिचाऱ्या मधूनच उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या. ते मला बघवेना. सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाची काजळी कमी धरते, असं आमच्या लेकीनं, चेतनानं कुठंतरी वाचलं, आणि मी विहाराच्या माणिकरावांना सांगून टाकलं, "बुद्धपौर्णिमेच्या पन्नास मेणबत्त्या माझ्याकडून." ते म्हणाले, "नलिनीताई, जमेल ना? आयत्या वेळी वाट लागायची." झालं! आता माघार नाही, असं मी तिथंच ठरवलं.

पहिल्या दिवशी मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवलं, तर घरभर धूर. (मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात लहान भांडं ठेवायचं असतं, हे नंतर कळलं.) दुसऱ्या दिवशी पातळ पेल्यात ओतलं, पेला तडकला. (जाड, आच सोसणारी काच लागते.) तिसऱ्या दिवशी तयार मेणबत्ती पंख्याखाली लावली, तर ज्योत नाचली आणि हिनंही काजळी धरली! चौथ्या दिवशी उरलेलं मेण स्टीलच्या डब्यात ठेवून मी बाजारात गेले. परत येते तर आमचे हे ते मेण भाकरीला चोपडून निम्मी भाकरी संपवून बसलेले. मी ओरडले, "अहो, ते मेण आहे!" हे शांतपणे म्हणाले, "तरीच म्हटलं, तुपाला वास कसा नाही." डॉक्टरांनी तपासलं, काही झालं नाही म्हणाले आणि पुढं हसतच बसले. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता हा नाद पुरे कर ना." मी डब्यावर ठळक अक्षरांत 'मेण' लिहिलं आणि पुन्हा पातेलं चढवलं.

पौर्णिमेला पन्नासच्या पन्नास शांत जळल्या. सासूबाई त्रिसरणापासून शेवटच्या गाथेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. (सगळं श्रेय मेणाचंच असं नाही, माणिकरावांनी मागची खिडकीही उघडली होती.) निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, किती दिवसांनी पुरती वंदना झाली गं."

वेगळ्या पार्सलनं दोन मेणबत्त्या पाठवते. वात दर वेळी पाव इंच ठेवून काप. पहिल्यांदा वरचा थर कडेपर्यंत वितळू दे, नाहीतर मधे खड्डा पडतो. पडद्यापासून लांब ठेव, आणि जळती सोडून खोलीबाहेर जायचं नाही, झोपायचं तर नाहीच. (तू टीव्हीसमोर बसल्या बसल्या घोरतोस, म्हणून त्या वहिनीच्या ताब्यात.) विझवायला झाकण ठेव, पाणी मुळीच नको. तळाशी बोटभर मेण उरलं की बंद. काच कोमट पाण्यानं, साबणानं साफ निघते.

तुझी,
नलू

ता. क. दातांच्या दवाखान्यातली नोकरी मी सोडली. आता मेणबत्त्यांचाच उद्योग करणार. सासूबाईंना माहीत आहे, ह्यांना नाही. हे फक्त तुझं ऐकतात, तेव्हा तूच फोन करून सांग.

ता. क. दुसरा: पत्र टपालात टाकायला ह्यांच्याच हाती देते आहे. गोंद संपला होता, म्हणून पाकीट आपल्याच मेणानं चिकटवलंय. फार मऊ मेण हे. पाकीट बंद मिळालं तर लगेच फोन कर. उघडं मिळालं तर राहू दे.