मोजलं की कमी होतात

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर.
रविवार, दुपारी जेवणानंतर.

तीर्थरूप मुंजाबा मामा आणि म्हाळसाबाई मामी, तुमच्या पायांवर रामेश्वरचं डोकं.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा मागच्या वर्षी बरा झाला, हे लक्षात आहे.) मामींनी डोळ्यांत थेंब घालणं सोडलं नसेल अशी आशा आहे. बाटली उघडल्यावर एका महिन्यानं टाकून द्यायची असते, तसं बाटलीवरच छापलेलं आहे, बारीक अक्षरात, पण आहे. ढवळी मेंढी व्याली असं कळलं, फार आनंद झाला. कोकरं किती झाली ते विचारत नाही. का विचारत नाही ते पुढं येईल. इकडं मी, शीला आणि रूपा खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "व्हय, व्हय" म्हणता आणि मध्येच मेंढरांना हाक मारता, मग ते व्हय मला होतं की मेंढरांना, हे मला कळत नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहून काढलं. कच्चं वहीत केलं, हे पक्कं आहे. तुमच्या सूनबाई मंजुषा वहिनी हे वाचून दाखवतील, त्यांना विनंती की सावकाश वाचावं आणि कंसातलं गाळू नये, कारण महत्त्वाचं मी बहुतेक कंसातच लिहितो. एक आधीच सांगतो. हे पत्र तक्रारीचं नाही आणि तुमच्याकडून काही नको आहे. फक्त हकीकत कळावी म्हणून.

मी आणि शीला दोघंही कंपनीत पाळीवर जातो, म्हणून रूपा चार वर्षं तुमच्याजवळ राहिली, मेंढरांत वाढली, चालायलाही कोकरांना धरून शिकली, ते उपकार फिटणारे नाहीत. जूनमध्ये तिला इकडं आणलं आणि घराजवळच्या इंग्रजी शाळेत पहिलीच्या आधीच्या वर्गात घातलं. (शाळेचं नाव लिहीत नाही, त्यात चार इंग्रजी शब्द आहेत आणि चौथ्याची अक्षरं मी अजून पाटीवरून ताडून पाहिलेली नाहीत.) ती तुमच्याकडून निघाली तेव्हा तुम्ही मेंढरांकडं तोंड करून उभे होतात आणि मागं वळून पाहिलं नाही, हे मी बसमधून पाहिलं होतं. त्यावर मी काही बोलत नाही. जून ते फेब्रुवारी तुम्ही एकदाही आला नाहीत, त्यावरही काही बोलत नाही. मेंढरं सोडून येता येत नाही, हे मला कळतं.

ऑगस्टमध्ये विशाखा मॅडमनी आम्हाला बोलावलं. या रूपाच्या वर्गशिक्षिका, आवाज गोड, पण हातात कायम फाईल. त्यांनी आमच्यासमोर रूपाला एक चित्र दाखवलं, हिरव्या गवतात सात शेळ्या, आणि विचारलं, किती शेळ्या आहेत? रूपानं चित्र जवळ घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यांची म्होरकी कुठंय?" मॅडम म्हणाल्या, किती ते सांग बेटा. रूपा म्हणाली, "म्होरकी नाय तर या चरायला आल्या कशा?" मामा, खरं सांगतो, मीही पाहिलं आणि मलाही त्यात म्होरकी दिसली नाही. मॅडमनी फाईलमध्ये लिहिलं की मुलीला मोजता येत नाही, आणि असंच राहिलं तर जूनमध्ये पहिलीत पाठवता येणार नाही, याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल.

शाळेतून परत येताना रिक्षात मी ठरवलं की रूपा पहिलीत जाणार म्हणजे जाणार. (मागं राहणं काय असतं ते नववीत शाळा सुटलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.) कार्डशीट आणलं, पट्टीनं शंभर चौकोन आखले, एक ते शंभर अंक काढले, खाली अक्षरीही लिहिले, आणि 'एकोणऐंशी'ला शंका आली म्हणून शेजारच्या दुकानदाराकडून पावतीपुस्तक मागून खात्री केली. शीला म्हणाली, "पोरीला शिकवताय का ग्रामपंचायतीचा फळा रंगवताय?" मी लक्ष दिलं नाही. रूपाला पायऱ्या मोजायला लावल्या, अचूक मोजल्या. पोळ्या मोजल्या, अचूक. मला वाटलं, जिंकलं. मग तिला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, कबुतरं मोज. तिनं माझ्याकडं पाहिलं, कबुतरांकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून सगळी उडवून लावली. "आता एक पन नाय," म्हणाली. उत्तर बरोबर होतं, त्यामुळं रागावताही येईना.

मग कुणीतरी मोतीराम सरांचा अबॅकसचा क्लास सुचवला. अबॅकस म्हणजे लाकडी चौकटीत तारांवर मणी असतात, ते सरकवून बेरीज-वजाबाकी करायची. (बाहेर फलकावर मेंदूचं रंगीत चित्र आहे, त्याला दोन पाय आणि बूट आहेत. कशासाठी ते विचारायचं राहिलं.) दोन महिन्यांत रूपानं सरांच्या क्लासमध्ये पदक आणि प्रमाणपत्र मिळवलं. सर म्हणाले, अशी पोरगी मी बारा वर्षांत पाहिली नाही. त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली की पक्ष्यांच्या चित्रात पक्षी किती ते रूपाला सांगता आलं नाही. सरांचं प्रमाणपत्र आणि मॅडमची चिठ्ठी मी एकाच पिशवीत ठेवायला लागलो तर शीला म्हणाली, वेगवेगळी ठेवा, भांडतील. मी दोन रात्री, माफ करा, दोन पाळ्या हाच विचार करत खोके भरले. काहीतरी होतं जे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

ते जानेवारीत दिसलं. शाळेची सहल पाणचक्कीला गेली. प्रत्येक वर्गाबरोबर एक पालक हवा होता, मी रीतसर अर्ज देऊन रजा घेतली. वर्गात चाळीस मुलं, विशाखा मॅडम, शाळेच्या मावशी लक्ष्मीबाई आणि मी. त्या दिवशी तिथं आणखी दोन-तीन शाळा आलेल्या होत्या, आणि शहरात गणवेशाचं कापड एकाच दुकानातून निघतं की काय कोण जाणे, पुष्कळ पोरं आमच्या मुलांसारखीच लाल चौकड्यांत होती. पाहून झालं, खाऊ झाला, परतीची वेळ झाली. मॅडमनी मुलांना बसपाशी रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावत मोजलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बरोबर. ड्रायव्हर चाचा घाईला आलेले, "चलो मॅडम, जल्दी बिठाओ, आगे भोत जाम लगता." मुलं चढायला लागली, रूपा मात्र पायरीशी अडून राहिली.

"आपली एक कमी हाय," म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, चाळीस झाले बेटा, बस आत. रूपा म्हणाली, "एक परकी हाय अन् एक कमी हाय." मॅडम माझ्याकडं वळल्या, "बघितलंत? मी म्हणते ते हेच. बरोबर मोजलेलंसुद्धा तिला पटत नाही." मी शरमेनं लाल झालो, रूपाचा दंड धरला, तिला उचलून बसमध्ये ठेवणार, तेवढ्यात मला तुम्ही दिसलात. म्हणजे तुमची संध्याकाळ दिसली. मेंढरं आत घेताना तुम्ही दाराशी काठी टेकवून उभे राहता, तोंडानं एक आकडा काढत नाही, नुसतं तोंडाकडं तोंड बघत राहता, आणि शेवटी म्हणता, "काळतोंडी आली नाय." आणि काळतोंडी खरंच आलेली नसते. मी तुमच्याकडं लहानाचा मोठा झालो, मामा, तुमचं एकदाही चुकलेलं मला आठवत नाही.

मी बसच्या दारात जाऊन दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि म्हणालो, मॅडम, गाडी हलायची नाही. (लगेच "माफ करा" पण म्हणालो. पण हात सोडले नाहीत.) चाचा म्हणाले, "अरे भाई, क्या तमाशा लगाया?" मी तसाच उभा. रूपानं एकेकाचं तोंड बघत बघत एका मुलीचा हात धरला. "ही आपली नाय." त्या मुलीच्या तोंडात बिस्किट होतं, तिनं मान हलवून कबूल केलं. विचारल्यावर तिनं भलत्याच शाळेचं नाव सांगितलं. आमच्याकडं बिस्किटं वाटत होते म्हणून रांगेत उभी राहिली होती, मग रांग बसकडं निघाली म्हणून तीही निघाली. "अन् संस्कृती नाय," रूपा म्हणाली, "एक रिबीन सुटलेली ती."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. लक्ष्मीबाई त्या परक्या मुलीला तिच्या शाळेत पोचवायला धावल्या आणि आम्ही आत धावलो. संस्कृती हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि डब्यातली पोळी तोडून तोडून माशांना घालत होती. मॅडमनी तिला मागून अलगद उचललं आणि मगच रडल्या. मग बसमध्ये मॅडमनी रूपाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, तुला कसं कळलं गं? "तोंडं बघितली." मग मी विचारते तेव्हा मोजत का नाहीस? तेव्हा रूपानं सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "जितं मोजू नाय. मोजलं की कमी होतात. आबा म्हनलेत." (आबा म्हणजे तुम्ही.) आणि वर म्हणाली, "बघा मॅडम, तुम्ही बोट लावून मोजलं अन् संस्कृती कमी झाली."

आणि झालंही तसंच होतं.

मॅडमच्या फाईलमधलं "मोजता येत नाही" खोडलं गेलं, त्याजागी "मोजत नाही" आलं. माझ्या मते ही प्रगती आहे. पण आता वेगळीच पंचाईत झाली. रूपाचं म्हणणं अख्ख्या वर्गाला पटलं. हजेरीला मॅडमनी बोट उचललं की पोरं बाकाखाली जातात. संस्कृती तर डोक्यावर डबा धरून बसते. लक्ष्मीबाईंनी समजूत काढावी म्हणून त्यांना वर्गात नेलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्यात पन असंच म्हन्तेत, मी कशाला लेकरांना खोटं सांगू?" सध्या मॅडम मुलांऐवजी दप्तरं मोजतात.

असो. हकीकत एवढीच. गुडघ्याला तेल कोमट करून लावावं. मामींना पुन्हा नमस्कार, वहिनींना वाचून दाखवल्याबद्दल आभार. उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

तुमचा,
रामेश्वर

ता. क. येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला रूपाची तोंडी परीक्षा आहे. पहिलीचं त्यावरच ठरणार. चित्र तेच आहे, सात शेळ्यांचं. तिला सातशेसुद्धा मोजता येतात, पण ती म्हणते, आबांनी म्हटलं तर मोजीन. फोनवर म्हटलेलं चालणार नाही, फोनवर तोंड दिसत नाही. शाळेच्या मोठ्या मॅडमचंही म्हणणं आहे की ज्यांनी शिकवलं त्यांनाच वर्गात आणा आणि सगळ्या मुलांसमोर सांगू द्या की मोजलेलं चालतं. म्हणून तुम्ही शुक्रवारी लासूर स्टेशनहून गाडीत बसायचं आहे, मी इकडं स्टेशनवर उभा असेन. मेंढरांकडं एक दिवस दादा आणि वहिनी बघतील. (वहिनी, हे वाक्य तुम्ही वाचताना अडखळणार हे माहीत आहे, तरी वाचा.) वर मी "तुमच्याकडून काही नको" असं लिहिलं आहे. पक्क्या प्रतीत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून ते तसंच ठेवलं.

दुसरा ता. क. मीच का सांगत नाही, असं तुम्ही विचाराल. सांगून पाहिलं. म्हटलं, मोजल्यानं काही होत नाही, बघ, मी आपल्या घरातली माणसं मोजून दाखवतो. बोट शीलाकडं नेलं आणि ते तिथंच राहिलं. कंपनीत मी दिवसभर खोके मोजतो, पण बोट पुढं जाईना. शीला म्हणाली, "मोजा की आता, का थांबलात?" मी तेच बोट कॅलेंडरकडं वळवलं आणि म्हणालो, शनिवार जवळ आला. म्हणून तिला परवानगी द्याल तेव्हा माझंही बघावं.

शेवटचा ता. क. माझ्या आठवणीत तुम्ही शाळेच्या दाराशी एकदाच आला आहात. मी नववीत होतो, पाऊस नव्हता, मेंढरं लांब न्यायची होती आणि माणूस एक कमी होतं. गुरुजी नको नको म्हणत होते, तुम्ही त्यांना हात जोडलेत आणि मला घेऊन गेलात. माणूस खरंच कमी होतं, मला राग नाही. फक्त या वेळी दारातून आत या. रूपा रोज संध्याकाळी आमच्या दाराशी उभी राहते, मला बघते, शीलाला बघते, आणि म्हणते, "एक कमी हाय." कोण, ते आम्ही विचारत नाही.