तव्याला लागलेला हात

बाबा, तुमची नात येत्या रविवारपासून भिलाईहून उतईला जाणाऱ्या रस्त्यावर भाकरी विकणार आहे. शिकलीसवरलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरगी, आणि उभी राहणार ती कोळशाच्या आचेवर, बिडाच्या तव्यासमोर. हे ऐकून तुम्हाला काय वाटेल ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मी तिला हो म्हटलं आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या. अर्धंच ऐकून भडकायची तुमची सवय, आणि तीच नेमकी माझ्यात उतरली आहे.

भिलाईच्या रेल्वे रनिंग रूममधलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. गाडी आणून सोडलेले ड्रायव्हर आणि गार्ड तिथे विसाव्याला येत, आणि येताना आपापलं पीठ, डाळ, कांदे पिशवीतून आणून तुमच्यासमोर ठेवत. प्रत्येकाचं वेगळं करायचं. नागपूरकडच्याला ज्वारीची भाकर, बिलासपूरकडच्याला तांदळाच्या पिठाचा चीला, आपल्या धिरड्यासारखा. भिंतीला लागून भट्टी, तिच्यावर परातीएवढा तवा, आणि तुम्ही खांद्यावर ओला पंचा टाकून उभे. घराची किल्ली घ्यायला मी शाळेतून तिकडे येते आणि दारातच रेंगाळते. तव्याला लावलेल्या जवसाच्या तेलाचा वास येतो आहे, भाकर टम्म फुगते आहे. एक दिवस तुम्ही कुणाशी तरी बोलायला वळलात आणि मी पुढे होऊन भाकर उलटायला हात घातला. तुम्ही माझं मनगट धरून मला बाहेर नेलंत. "कावून आली इकडे? माह्या बापानं तवा धरला, म्या धरला. तुह्या हाताले तवा लागला तर मले तोंड नको दाखवू. पुस्तक धर." मी खूप रडले. संध्याकाळी तुम्ही बर्फी आणलीत, पण बोललेलं मागे घेतलं नाहीत.

शब्दाचे तुम्ही इतके पक्के, की माझ्या लग्नात आंदणात सगळं दिलंत, परात, झारे, पोळपाट-लाटणंसुद्धा, फक्त तवा दिला नाहीत. सासरच्या बायकांनी भांडी मांडली, पुन्हा पुन्हा पाहिली आणि हसून हसून बेजार झाल्या. "पोरीच्या बापाले वाटते, पोळ्या पोळपाटावरच भाजतात," असं एक आजेसासू म्हणाल्या आणि ते मला पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. तवा सासूबाईंनी दिला. घरच्या पोळ्या मी केल्याच, त्या कुणाला सुटल्या आहेत? पण तुम्ही म्हणत होतात ते वेगळं, पोटासाठी दुसऱ्याच्या आचेपुढे उभं राहणं, आणि ते माझ्यावर कधी आलं नाही. मी शिक्षिका झाले. तुम्ही समाधानाने गेलात असं सगळे म्हणाले, आणि मलाही तसंच वाटतं.

नात तुम्ही पाहिली नाहीत. तिने हॉटेलचं शिक्षण घेतलं, हैदराबादला मोठ्या हॉटेलात काही वर्षं काढली आणि गेल्या दिवाळीत सगळं सामान घेऊन परत आली. मग एक दिवस टेम्पोतून सिरॅमिकची शेगडी उतरली. शेगडी कसली, गुळगुळीत हिरवा रांजणच तो. वर जड झाकण, हवा यायला खाली एक झरोका, धूर जायला डोक्यावर एक. भिंती इतक्या जाड की आत कोळसा फुललेला असला तरी बाहेर नुसती ऊब लागते. तिच्यावर ठेवायला दोन बिडाचे तवे तिने रायपूरहून आणले. ते तवे पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. तुझ्या आजोबांनी जन्म जाळला तो तू पुन्हा तव्यापाशी यावीस म्हणून का, असं मी तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, तू कावून एवढी चिडून राहिली? आजोबाले दुसरं काही मिळालंच नाही, म्हणून ते तिथे होते. मले मिळालं, अन् तरी मी हेच करून राहिली. फरक है ना?" मी आवाज चढवला. काही दिवसांनी तिनेच पुन्हा विषय काढला. "तू नाही म्हटलं तर मी दुकान उघडत नाही, वापस हैदराबादले जाते. पण एकदा येऊन बघ तरी." तिने परत जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण हो म्हणायलाही मी तयार नव्हते. तुमची बोटं अजून माझ्या मनगटावर होती, बाबा.

तर मी त्या रस्त्यावरच्या तिच्या जागेवर गेले. तिने शेजारपाजारची माणसं चव बघायला बोलावली होती. मी खुर्चीत हाताची घडी घालून बसले, वधूपरीक्षेला आल्यासारखी. तिने तवा आधीच ठेवून आचेबरोबर हळूहळू तापवला, ते पाहून मनात म्हटलं, चला, एवढं तर येतं. निखाऱ्यांच्या कडेला भरताची वांगी भाजत होती. मग माणसं आली आणि ती झाकण उघडंच टाकून त्यांच्याशी बोलत राहिली. या शेगडीचं झाकण उघडं राहिलं की कोळशाला वारा मिळतो आणि आच चढतच जाते. पहिली भाकर टाकताच खालून काळी झाली. दुसरीचंही तेच. तव्यातून धूर निघायला लागला. तिने खालचा झरोका बंद केला, पण जाड भिंतींची शेगडी एकदा तापली की लवकर निवत नाही. पोरगी भांबावली आणि तिने पाण्याचा मग उचलला.

"पाणी नको टाकू," मी ओरडले, आणि ओरडतानाच मला तुमचा तो तवा दिसला. भाकर करपली म्हणून एक ड्रायव्हर तुम्हाला वाट्टेल ते बोलला होता. तो गेल्यावर रागाच्या भरात तुम्ही तापल्या तव्यावर लोटाभर पाणी ओतलंत आणि तवा कडकन दुभंगला. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहून ओशाळं हसलात. "बीड अन् मी, दोघंबी एकदम थंडे होत नाही, बाई. सवड द्या लागते." एवढं बोलून तुम्ही ते दोन तुकडे उचलून बाहेर ठेवलेत.

पुढचं मी विचार करून केलं नाही. पदर खोचला, जाड फडक्याने तवा उचलून बाजूला ठेवला. पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या विटांचे तुकडे भिलाईत कुठल्याही अंगणात सापडतात. त्यातले चार सांडशीने कोळशावरच्या जाळीवर मांडले, झाकण लावलं, झरोका बोटभर ठेवला आणि पोरीला म्हटलं, तोवर सगळ्यांना ताक दे. तवा जास्त तापला की तुम्ही असंच करायचात, खाली विटा सरकवून त्याला आचेपासून उचलून घ्यायचात. थोड्या वेळाने तवा त्या विटांवर ठेवला, अर्धा कांदा जवसाच्या तेलात बुडवून फिरवला आणि भाकर थापली. ती फुगली, बाबा. मी बोटांनीच उलटली आणि ती पुन्हा फुगली. मला इतका आनंद झाला की आजूबाजूला माणसं आहेत हेच मी विसरले. शेजाऱ्यांकडे कुरुदहून आलेले एक म्हातारे गृहस्थ भरताबरोबर ती खाऊन छत्तीसगढीत म्हणाले, "बढ़िया बने हे, दाई. एक अउ देबे." मी त्यांना आणखी एक दिली, मग दुसऱ्यांना, आणि पीठ संपेपर्यंत तिथून हलले नाही. पोरगी बाजूला उभी राहून गोळे करून देत होती.

माणसं गेल्यावर तिने भीतभीत विचारलं, "मग? हो का नाही?"

"हो. पण झाकण उघडं टाकून गप्पा हाणायच्या नाहीत."

ती हसली आणि मग रडली. मलाही रडू आलं, पण मी भांडी घासायला घेतली. रविवारी शाळेला सुट्टी असते, तेव्हा दुसरा तवा मी सांभाळणार आहे. हात भाजतील, पाठ धरेल, हे सगळं मला कळतं. तुम्ही मला त्यातूनच सोडवलं होतं, आणि सोडवलं म्हणूनच आज मी तिथे माझ्या हौसेने उभी राहू शकते, हेही कळतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही आहे, म्हणून खरं ते लिहिते. तुम्ही आज असता आणि खाटेवरून माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं असतं, तर मी पोरीला नाही म्हटलं असतं आणि ती निघून गेली असती. तुमची आठवण मला रोज येते. पण त्या संध्याकाळी, या एका गोष्टीपुरतं, तुम्ही नाही आहात ते बरं झालं, असं माझ्या मनात आलं. आणि असं मनात येऊनसुद्धा, बाबा, मी दोन घास जास्तच जेवले.