बंबात गेलेली रस्त्याची काठी

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही दोघं आहोत. पुढे 'खुशाल' लिहायला घेतलं होतं, ते खोडलं, तेवढा डाग दिसेल. (त्यासाठी दुसरा कागद काही घेतला नाही.) तुझी दाढ काढलीस की अजून लवंग धरूनच बसली आहेस? काढून टाक बाई. जे ठणकतंय ते जपून ठेवण्यात काटकसर नसते, हे मी आता शिकले आहे.

तू विचारलं होतंस, डोंगरावरचा धंदा कसा चाललाय. ह्यांनी निवृत्तीचा पैसा घालून हे चार खोल्यांचं लॉज घेतलं, तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं की ढग दारात येतात. त्यात खोटं काहीच नव्हतं. येतात, मग आत येतात, गादीवर बसतात आणि आठवडाभर उठत नाहीत. उशांना बुरशी, काडेपेटीला घाम, आणि मीठ चमच्याने नाही, पळीने घ्यावं लागतं. एका पाहुण्याने तर धुक्यात समोरचा डोंगर दिसला नाही म्हणून निम्मे पैसे परत मागितले. हे लगेच खिशात हात घालायला लागले. मी म्हटलं, पायथा दिसला ना? मग पायथ्यापुरते तरी राहू द्या. इथल्या लोकांना मात्र देखाव्याचं काही कौतुक नाही. शेजारीण म्हणते, "त्या कड्याकडे काय बघायचं? माझी म्हैस तिथूनच गेली." गावातल्या प्रत्येक सुंदर जागेवरून कोणी ना कोणी पडलेलं आहे, आणि पाहुण्यांनी जागेचं नाव विचारलं की पडलेल्याचंच नाव सांगतात.

वर येणारा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काही नाही. पाच मैलांत समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही, म्हणून वर एक चौकी, खाली एक चौकी, आणि दोन्हींत मिळून एक लाल काठी. ज्याच्याकडे काठी त्यानेच रस्त्यावर जायचं आणि पोचल्यावर ती तिथल्या चौकीत द्यायची. काठी नव्हती तेव्हा त्या रस्त्याने अकरा माणसं खाल्ली. ती आल्यापासून चाळीस वर्षांत एकही नाही. वरच्या चौकीवर गावातले एक आजोबा बसतात, खालच्या चौकीवर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत वीस वर्षं अबोला. चौक्यांत फोन आहेत, पण करायचा कोणी? शिवाय आजोबांचं म्हणणं, फोनवर माणूस खोटं बोलतो, काठीला तोंडच नाही.

तर दीड महिन्यापूर्वी दूधवाला गाडी घेऊन वर आला. चौकीच्या आधी आमचं घर लागतं. दुधाबरोबर पिठाची गोणी उतरवायची होती, म्हणून त्याने हातातली काठी आमच्या लाकडांच्या ढिगाला टेकवली, गोणी आत ठेवली आणि बोलत बोलत विसरून गेला. काठीला दोन वर्षं रंग दिला नव्हता, असलेला हातांनी पुसून गेलेला. मी ती कधी जवळून पाहिलीही नव्हती. त्यात चार दिवस लाकडं ओली, पाहुणे आंघोळीसाठी खोळंबलेले, बंब नुसता धुमसत होता, आणि ढिगाशी हातभर लांबीचं खडखडीत वाळलेलं लाकूड! मला वाटलं, देवानेच ठेवलं. (देवाला यात ओढायला नको, पण वाटलं ते लिहिते.) काय जळली म्हणून सांगू ताई! एका काठीत चारी खोल्यांच्या आंघोळी उरकल्या.

दुपारी राख काढताना हाताला काठीचं लोखंडी कडं लागलं, तेव्हा बाहेर दूधवाला दारोदार विचारत फिरत होता. मी कडं धुतलं, पुसलं आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव शोधायला लागलं. एक पाहुणे म्हणाले, त्यात काय, नवी काठी करा. आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीवरून उठलेच. "आणि जुनी कोणाला सापडली तर? एक काठी वरून निघणार, एक खालून. दोघंही बरोबर. भेट तिसऱ्या वळणावर." म्हणजे जुनी गेली हे नक्की कळेपर्यंत नवी नाही. आणि नक्की कळलेली गावात मी एकटीच. सांगितलं का नाहीस म्हणशील. दोन वर्षं झाली तरी आम्ही इथे 'खालचे'. खालच्यांनी येऊन चाळीस वर्षांची काठी बंबात घातली, हे कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय कोणालाच जाता येईना म्हणून आमच्या चारही खोल्या पहिल्यांदाच सलग भरलेल्या. हे शीळ घालत जिना चढत होते. पाहुणे पहिल्या दिवशी देखाव्याचे फोटो काढत होते, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाठ करून बसले, तिसऱ्या दिवशी एक बाई मला म्हणाल्या, "अहो, तेवढा पडदा ओढता का?"

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर ह्यांच्या हातातून तांब्या सुटला. "हात झोपलाय," म्हणाले, तेही निम्मंच कळलं, कारण तोंड एका बाजूला गेलं होतं. मी उठले, डब्यातून कडं काढलं आणि तशीच पिठाच्या हातांनी चौकीवर गेले. सगळं गाव तिथेच होतं, दुसरीकडे जाणार कुठे? कडं आजोबांपुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. वाटलं, आता मला कड्यावरून ढकलतील आणि त्या जागेला माझं नाव देतील. आजोबांनी कडं उलटसुलट केलं. "पूर्ण जळली?" पूर्ण, म्हटलं. "तुकडा?" एकही नाही. "आधी सांगायचं ना, बाई," एवढंच म्हणाले आणि स्वतःची चालायची काठी न टेकता उठले.

खाली कोणाला काही ठाऊक नव्हतं, तीन दिवस वाट पाहून कोणी काठीशिवाय निघालंही असेल, म्हणून दूधवाला कडं उंच धरून पुढे चालत, प्रत्येक वळणावर ओरडत; मागे एका पाहुण्याची मोटार त्याच्या पावलांनी; आत हे माझ्या मांडीवर. पाच मैल. लग्नात माझी वरात निघाली नव्हती (बाबांनी खर्च वाचवला होता, आठवतंय ना), ती अशी निघाली. खालच्या चौकीवर धाकट्या भावाने कडं हातात घेतलं, डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा बरा आहे ना?" वीस वर्षांत पहिल्यांदा. आम्हाला उत्तर द्यायलाही थांबता आलं नाही.

हे तीन आठवड्यांनी घरी आले. डावा हात नुसता बरोबर असतो, कामाचा नाही. बोलणं जड आहे. नवी काठी झाली, ती लोखंडी नळीची. पंचांनी ठरावात कारणही लिहिलं आहे. गावात मला आता 'बंबवाली' म्हणतात, पण 'खालची' कोणी म्हणत नाही. हे प्रत्येक पाहुण्याला काठीची गोष्ट सांगतात आणि अर्ध्या तोंडाने हसतात. तेवढ्यावर एक कुटुंब परवा एक दिवस जास्त राहिलं.

लेकरांना आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : कोणी इकडे येणार असेल तर मालिशचं तेल पाठव. साधंच. महागाचं पाठवलंस तर मी जपून ठेवीन आणि ते तसंच राहील.

आणखी एक : वर लिहिलं आहे की तांब्या पडला आणि मी उठले. उठले ती देवासमोर बसायला. म्हटलं, एक माळ करते, तेवढ्यात हात जागा होईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. हात हलला नाही म्हणून दुसरी घेतली. तिसरी अर्धी झाली होती, ती मध्येच सोडू नये म्हणून पुरी केली. डॉक्टरांनी वेळ विचारली, मी खरी सांगितली. ते म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित हात वाचला असता. ह्यांना त्या दुपारचं तांब्यापर्यंतच आठवतं. ह्यांना वाटतं, उशीर रस्त्याने केला. 'ही तशीच धावत गेली,' असं ते पाहुण्यांना सांगतात. 'धावत' म्हणताना जीभ अडते, तरी सांगतात.

सांगू की नको, ते तू कळव. पण सरळ लिहू नकोस. जीभ सुटावी म्हणून डॉक्टरांनी रोज मोठ्याने वाचायला सांगितलं आहे, त्यामुळे आलेलं पत्र तेच फोडतात आणि मला वाचून दाखवतात. सांगावं असं वाटलं तर भावोजींचा गुडघा बरा आहे असं लिही, नको वाटलं तर दुखतो असं लिही. खरोखर कसा आहे ते यावेळी राहू दे. आणि अक्षर मोठं काढ, जोडाक्षरं फार घालू नकोस, ह्यांना दम लागतो.