साबुदाण्याच्या डब्यातली पुरचुंडी

प्रिय आई,

तुम्ही जाऊन सव्वा महिना झाला आणि आज तुमची चोरी पकडली. म्हणून हे पत्र. सुना सासूला पत्र लिहीत नाहीत, त्यात गेलेल्या सासूला! पण दुसऱ्या कुणाला विचारू?

माझ्या रेवाला सहा महिने पूर्ण झाले आणि तुम्ही तिला भाताची पेज सुरू केलीत. तुमच्या हातून वाटी चाटूनपुसून साफ. माझ्या हातून ओठ गच्च! मी बडनेऱ्याला गाडीत तिकिटं तपासणारी बाई. समोरचा माणूस नको तितका शांत बसला की मला संशय येतो. आणि तुम्ही फार शांत होतात. ड्यूटीवरून आले की मी आधी रेवाच्या तोंडाचा वास घ्यायची. कसलातरी यायचा. वाटीत मात्र एक दाणा सापडायचा नाही.

"काय घालता हो पेजेत?"

"काई नाई वं. माया हात हाये फक्त."

हे काय उत्तर झालं?

मग ती दुपारी दोन-दोन तास झोपायला लागली आणि मी बोलून गेले, "जायफळ उगाळून तर देत नाही ना? झोपवायला?"

तुमचा चेहरा उतरला. "काहून तपासून राहिली वं मले? मी का बिनतिकिटाची हावो का?" एवढंच म्हणालात. दोन दिवसांनी लेकीकडे अकोल्याला गेलात, आणि आठवड्याच्या आत तिकडून फोन आला. झोपेतच गेलात म्हणे.

माफी मागायची राहिली, आई. तुम्ही परत आला असतात तर मागितली असती का? खरं सांगते, माहीत नाही.

तेव्हापासून रेवा पेजेला तोंडच लावत नाही, नुसत्या दुधावर आहे. डॉक्टरांनी परवा वजन केलं आणि मान हलवली. आज डबे रिकामे करायला घेतले, तर साबुदाण्याच्या डब्यात पुरचुंडी! जागा बरोब्बर निवडलीत. मी साबुदाणा खात नाही. पुरचुंडी पेजेने कडक झालेली. सोडून पाहिली: चिमूटभर जिरं, ठेचलेली बडीशेप, वेलदोड्याचं साल. उकळत्या पेजेत बुडवायची आणि काढून घ्यायची. दाणा कुठून सापडणार? जायफळ नव्हतं. नखाएवढंही नव्हतं.

पण वास चौथाही होता. ओवा, धने, दालचिनी, सगळे डबे हुंगून झाले. जुळेना. मग कापडाकडे पाहिलं आणि तुमचं कपाट उघडलं. तुमच्या गुलाबी सुती पातळाचा एक कोपरा चौकोनी कापलेला. नाकाशी धरलं. तोच वास.

मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी ती पुरचुंडी रोज सोडून बघितली असती, हे तुम्ही ओळखून होतात.

त्याच पातळाचा दुसरा तुकडा कापून मी नवी बांधली. पेज आधी स्वतः प्यायले, तासभर थांबले. हसू नका! मग रेवासमोर वाटी धरली. तिने वास घेतला आणि तोंड उघडलं. सगळी पेज संपवली, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती तुमच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

आई, हे पातळ मी कुणाला देणार नाही. आणि रेवा मोठी झाली की तिची आजी पेजेत काय घालायची ते तिला सांगेन. मी काय विचारलं होतं, तेही सांगेन.

तुमची सून,
मीना