रांगेतली पिशवी

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. तिथे साबणाच्या फळ्यांशेजारी टेबल मांडून सरकारी आरोग्य विम्यात नावं नोंदवून घेतायत. हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं. फोटो काढतात, म्हणून तुम्हालाच यावं लागेल.

तुम्ही म्हणाल, "मला काय धाड भरलीये?" आईही शेवटपर्यंत हेच म्हणत होती.

दाढी करा. ती गेल्यापासून कपाटात पडलेल्या निळ्या सदऱ्याला इस्त्री केलीये, तो घाला.

रांग मोठी आहे, म्हणून आईची बाजाराची पिशवी नंबराला ठेवून आले. दुकानदारकाकांनी ती लगेच ओळखली. म्हणाले, "वहिनींची जागा घ्यायची कोणाची हिंमत आहे?"

मी पुन्हा तिथेच जाऊन थांबते. चहा झाकून ठेवलाय, पिऊनच या.