मोज्जोच्या पुढचे पाच किलोमीटर

२४ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा "बघू"! एर्मेसचं "बघू" म्हणजे नाहीच. मी सूप वाढत होते, तो वाडग्यात बघत होता. म्हणाला, "नीवेस, मी ट्रकवाला माणूस. सायकलवाल्यांच्या घोळक्यात मला कशाला कोंबतेस? उंदरांच्या लग्नात मांजर!"

मी म्हटलं, ट्रकवाला होतास. तीन वर्षांत साध्या स्कूटरला हात लावला नाहीस.

उठून गेला. सूप तसंच. चूक माझीच — जिभेला हाड नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकते, म्हणजे डोक्यात गरगरणं थांबेल. तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार, मोज्जो गावाच्या पुढचा हमरस्ता. एर्मेसचा ट्रक, मागे लाकडाचे ओंडके. पुढे सायकलवर लेओपोल्ड क्रांत्स, वय त्रेसष्ट, सरहद्दीपलीकडच्या क्लागेनफुर्टचा, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त. एकटाच समुद्राकडे निघाला होता. जागच्या जागी गेला. कोर्टाने एर्मेसला सोडलं. वळण आंधळं, सायकल मध्ये आलेली, ट्रकचा वेग मर्यादेत. सगळं कागदावर आहे.

पण तेव्हापासून माझा भाऊ हमरस्ता ओलांडत नाही. लाकूड कापायच्या कारखान्यात लागलाय, तिथे नदीकाठच्या पायवाटेने जातो नि तिनेच येतो. ट्रकचा आवाज आला की बोलता बोलता थांबतो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस!

म्हणून मला जुन्या रेल्वेचा मार्ग सुचला. रूळ काढून सायकलींसाठी डांबर घातलंय. बोगदे तेच, लोखंडी पूल तेच, आणि इंजिनाचं एकही चाक नाही. मोज्जोपर्यंत. पुढे हमरस्ता लागतो, तिथे आम्हाला जायचंच नाही.

२७ ऑगस्ट

दारात आला. "खरंच एकही गाडी नाही?" एवढंच विचारलं.

शेजारच्या फुल्व्हिओने त्याची जुनी सायकल दिली. सीट खाली करताना म्हणतो, "एर्मेस, हिला हँडब्रेक नाही बरं का!" मी डोळे वटारले. पण एर्मेस हसला. हसला!

१ सप्टेंबर, रविवार

पोंतेब्बापर्यंत गेलो. उतारच आहे म्हणा, पण रेल्वेचा उतार — पायांना कळतो, डोळ्यांना नाही. येताना नव्या मार्गावरची आगगाडी.

समोरून कुणी आलं की हा खाली उतरायचा. सायकल कडेला, पाठ डोंगराला लावून उभा. मुलं आली तरी तेच. एक बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, "अहो, चार माणसं जातील एवढी जागा आहे!" त्याने मान हलवली, पण जागचा हलला नाही. अकरा वेळा उतरला. मी मोजलं, त्याला सांगितलं नाही.

बोगद्यात मात्र पुढे गेला. शिट्टी वाजवून बघितली, लहानपणी वाजवायचा तशी. इथून आगगाडी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भिंती काळ्याच आहेत.

माझा उजवा गुडघा बोंबलतोय. उद्या शाळेत दोनशे मुलांचा स्वयंपाक आहे.

४ सप्टेंबर

कामावरून परस्पर फुल्व्हिओकडे गेला, साखळीला तेल घातलं, ब्रेकच्या तारा बदलल्या. मला फुल्व्हिओकडून कळलं.

८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

जुन्या स्टेशनात कॅफे आहे, तिथे थांबलो. फलाटावर मांडलेली बाकडी. शेजारी सरहद्दीपलीकडच्या फिलाखहून आलेले सहा जण, सगळे पेन्शनर, सगळ्यांची हेल्मेटं नारिंगी. आम्हाला बोलावून घेतलं. गप्पा उतारावरून वाऱ्यावर, वाऱ्यावरून मोज्जोच्या पुढच्या रस्त्यावर गेल्या. गुलाबी गालांची एक बाई म्हणाली, "तिथे मला घाम फुटतो. ट्रकवाल्यांना डोळे नसतातच, नुसता भोंगा असतो!"

सगळे हसले. मी टेबलाखालून एर्मेसच्या पायाला पाय लावला.

"डोळे असतात," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"बावीस वर्षं ट्रक चालवला."

"मग तुम्ही चांगल्यातले असाल," बाई सावरून घेत म्हणाली.

मला वाटलं संपलं. पण तो थांबेना. कपाकडे बघत म्हणाला, "तिथेच एक सायकलवाला माझ्या ट्रकखाली गेला. तीन वर्षं झाली."

बाईने कप खाली ठेवला आणि उठून सायकलीकडे गेली. तिच्यामागे दोघं. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा घराबाहेर पडायचा नाही.

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा बसून राहिला. रुपर्ट नाव. ऐंशीला टेकलेला, हात थरथरणारे. मिशीवरचा कॉफीचा फेस पुसला. मग विचारलं, "त्या वळणावर? जिथे भिंत पुढे आलीये?"

"हो."

"मी दरवर्षी जातो तिथून. दरवर्षी घाबरतो. तुम्ही?"

"मी गेलोच नाही परत."

"हं," म्हातारा म्हणाला. आपल्या पुढ्यातला उरलेला केक एर्मेसकडे सरकवला. "खा. बायकोला साखर चालत नाही म्हणून मला दोघांचा खावा लागतो."

एर्मेसने खाल्ला. सगळा. निघताना ती गुलाबी गालांची बाई समोरून आली. बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. आणि हा — उतरला नाही! सायकलवर बसूनच गेला.

९ सप्टेंबर

एर्मेसला त्याबद्दल विचारलं नाही. तो आला, चार अंडी घेऊन गेला.

१५ सप्टेंबर, रविवार

मोज्जो. मार्ग संपतो तिथली पाटी. पलीकडे हमरस्ता दिसतो, ऐकूही येतो. तो पाटीला हात लावून उभा राहिला, मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं.

मग म्हणाला, "पुढच्या खेपेला पलीकडे."

मी म्हटलं, "अरे, काही गरज नाही. आणि जायचंच असेल तर रविवारीच जाऊ. रविवारी ट्रकना बंदी असते."

"म्हणूनच शनिवारी. रविवारी जाऊन काय उपयोग?"

परतताना चढ.

२० सप्टेंबर

झोप नाही. जाऊ नकोस म्हणायला दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा आतून आवाज आला, "नीवेस, झोप जाऊन."

२१ सप्टेंबर, शनिवार

गेलो.

तो पुढे, मी मागे. त्याने पिवळं जाकीट घातलं होतं, कारखान्यातलं. पहिल्या किलोमीटरमध्ये नुसत्या मोटारी. माझं हँडल लटपटत होतं, त्याचं नाही. मग मागून तो आवाज आला. मला वळून बघायची हिंमत झाली नाही. एर्मेसनेही बघितलं नाही, पण त्याचे खांदे कानांपर्यंत गेले.

ट्रक पुढे जाईना. मी वाट बघतेय — आता जाईल, आता वारा लागेल. नाहीच. आमच्या मागे, दहा-पंधरा मीटरवर, पिवळे दिवे उघडझाप करत, आमच्याच चालीने येत राहिला. त्याच्या मागे रांग. भोंगे सुरू झाले.

भिंत पुढे आलेल्या वळणावर एर्मेस थांबला. ट्रकही थांबला! एर्मेस उतरला, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे काही नाही. खूण नाही, फूल नाही, गवत आहे. मागे कुणीतरी भोंगा दाबून धरला. ट्रकवाल्याने खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याला असं काही सुनावलं की आवाज गपकन बंद! दाढीवाला तरुण माणूस. आमच्याकडे बघून बोट वर केलं. म्हणजे सावकाश, घाई नाही.

पाच किलोमीटर असेच. शेवटी फाट्याला आम्ही आत वळलो, तेव्हा ट्रक पुढे गेला. हात हलवला. एर्मेसनेही.

गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. मी धावले. रडतोय असं वाटलं. तो म्हणाला, "एकदाही ब्रेक मारला नाही त्याने. सगळी वाट गाडी खालच्या गिअरवर आणली. ऐकलंस?"

मी कसली ऐकणार! माझ्या कानात माझंच रक्त.

वेंझोने गावाच्या कोटाशी खाणावळीत बसलो. चीज-बटाट्याचा फ्रिको, मक्याच्या पिठाचा पोलेंटा, एकेक पेला वाइन. मालकीण इकडच्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाली, "मांदी, कुठून आलात?" तर एर्मेस म्हणतो, "वरून. रस्त्याने." जेवताना माझ्याकडे बराच वेळ बघत होता. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मला वाटलं आभार मानतोय. म्हटलं, राहू दे रे, जेव.

२२ सप्टेंबर

गुडघा सुजलाय. मन हलकं. आज आईच्या फोटोची काच पुसली.

२८ सप्टेंबर

एर्मेस आला नाही. फुल्व्हिओ म्हणतो सायकल धुऊन परत केली. का बरं? पुढच्या वसंतात समुद्रापर्यंत जायचं ठरत होतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दारातच बोलला, आत आला नाही. त्या दुपारी ट्रकमध्ये फोन वाजला होता. शेजारच्या सीटवरून घसरला, खाली पडला, तो घ्यायला एर्मेस वाकला. दोन सेकंद, म्हणतो. कॉल उचललाच नव्हता, म्हणून कोर्टात कुणी विचारलं नाही.

फोन माझा होता. संध्याकाळी जेवायला येतोस का, एवढंच विचारायचं होतं. उचलला नाही म्हणून मी चिडले होते, ते आठवतं. वेळ मी कधी जुळवून बघितली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.

आधी क्लागेनफुर्टला लेओपोल्डच्या बायकोला, क्रांत्सबाईंना तोंडावर सांगणार, मग वकिलाला. म्हणाला, "तू येऊ नकोस. तुझं नाव मी घेणार नाही."

मी म्हटलं, घे. आणि थांब, बूट घालते.

नऊ वीसची गाडी आहे.